हिरवळीवर वाजलेलं मनगट

माझा फोन फ्रीझरमध्ये सापडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तो तिथे गेला कसा, हे कृपा करून विचारू नका. ग्लेनिसचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ते विचारून झालेलं आहे, आणि तिने एकदा विचारलं की दुसऱ्या कुणासाठी काही शिल्लक राहत नाही. शुक्रवारी आमच्या हिरवळीवरच्या बोलिंग क्लबच्या सोडतीत मला मटणाचं तबक लागलं. इतकी वर्षं तिकिटं घेतोय, पण नंबर नेहमी शेजारच्या टेबलाचा. त्या आनंदाच्या भरात मी फोन तबकावर ठेवला, दोन्ही हातांनी तबक धरून विजयी वीरासारखा घरी आलो, आणि ते जसंच्या तसं फ्रीझरमध्ये सरकवून दिलं. चॉप्स आणि सॉसेज यांच्या मधोमध फोन गपगार पडून राहिला.

नेमकं त्याच वेळात ब्रिडीने, आमच्या एकुलत्या एक लेकीने, मला फोनमागून फोन केले. तिला आठवा महिना होता. आमचे जावईबापू जोएल पार पश्चिमेला लोखंडाच्या खाणीवर कामाला. पंधरवडाभर विमानाने तिकडे, मग आठवडाभर इकडे. म्हणजे पोर यायची वेळ झाली की जोएल खाणीत असायचा संभवच जास्त. तेव्हा हॉस्पिटलला न्यायचं काम आमचं, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी तिला फक्त बाळाचा पाळणा कुठल्या रंगाचा घ्यावा एवढंच विचारायचं होतं. पण मी उचलला नाही म्हणून ती घाबरली, आणि ती घाबरली म्हणून ग्लेनिस भडकली.

"बाबा," दुसऱ्या दिवशी ब्रिडी म्हणाली, "मी तुझ्याकडे फार काही मागत नाही. वेळ आली की पहिल्या रिंगला उचल. एवढंच."

"पहिल्या रिंगला," मी म्हणालो. "शब्द दिला."

"तुझ्या शब्दाचं ठीक आहे," ग्लेनिस मागून म्हणाली, "फोनचं काय? परवा गाडीच्या टपावर होता. त्याआधी कोंबड्यांच्या खुराड्यात. वॉरिक, तुझा फोन तुझ्यापेक्षा जास्त फिरतो."

मी हॉबार्टच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक सांभाळून निवृत्त झालेला माणूस आहे. कुठल्या गल्लीत हिरव्या झाकणाचा डबा कधी आणि पिवळ्या झाकणाचा कधी, हे अर्धं शहर माझ्या भरवशावर ठरवत होतं. अशा माणसाला एक वस्तू सांभाळता येत नाही म्हणजे काय! मी विचार केला. हरवणार नाही अशी वस्तू कोणती? जी अंगाला बांधलेली आहे ती. आणि मग दुकानात मला ते घड्याळ दिसलं. फोन जवळ नसतानाही फोन घेणारं, फोन करणारं, निरोप वाचून दाखवणारं घड्याळ. खरं सांगायचं तर शब्द पाळण्याइतकीच मला उत्सुकताही होती. खिशात फोन नसलेला माणूस दिवसभर नेमकं करतो काय? हात कुठे ठेवतो? बसची वाट बघताना कुठे बघतो? हे सगळं स्वतःवर करून बघायचा मोह मला आवरेना.

घड्याळ घेणं सोपं निघालं. ते चालू करणं हा निराळा प्रकार होता.

फोन कंपनीच्या बाई फोनवर (म्हणजे घड्याळावर नव्हे, ग्लेनिसच्या फोनवर) अतिशय गोड बोलल्या. "सर, तुमच्या फोनवर एक आकडा पाठवलाय, तो वाचून दाखवा."

"फोन फ्रीझरमध्ये होता. आता तो चालू होत नाही. म्हणूनच तर घड्याळ घेतलंय."

"समजलं सर. मग आकडा घड्याळावर पाठवते."

"पाठवा."

"पण त्यासाठी घड्याळ आधी चालू करावं लागेल. त्यासाठी फोनवर एक आकडा येईल."

अशा आम्ही बराच वेळ एकमेकांभोवती फुगड्या घातल्या. शेवटी कळलं ते असं : फोन सोडायचा असेल तर घरात एक फोन जिवंत पाहिजे. मग मी फोन तांदळाच्या डब्यात पुरला, तो सुकून श्वास घेऊ लागला, आणि त्याच्या साक्षीने घड्याळाची मुंज झाली. त्यानंतर फोन स्वयंपाकघरातल्या खणात चार्जरला कायमचा जोडून ठेवला. ग्लेनिस म्हणाली, "फोनपासून सुटका मिळवायला आता फोनची चाकरी करायची." मी दुर्लक्ष केलं.

कुंपणापलीकडे आमचा शेजारी केल्विन राहतो. बोलिंगमध्ये माझा जोडीदारही तोच. हा माणूस कुठल्याही विषयावर सल्ला देतो आणि त्याला एकाही विषयाची आडकाठी येत नाही. मला तो वॉझ म्हणतो. त्याने कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवून घड्याळ बघितलं.

"वॉझ, गड्या, यात पडलेलं कळतं का?"

"काय पडलेलं?"

"तू. आपटून पडलास आणि हललाच नाहीस तर हे आपणहून अॅम्ब्युलन्स बोलावतं. माझ्या मेहुण्याचं बोलावतं. शिवाय घरच्याला निरोपही पाठवतं. चालू करून टाक. आपलं वय काय झालंय!"

"माझं काही झालेलं नाही."

"तेच तर. होईल तेव्हा चालू करायला उठशील का?"

 मी ते चालू केलं. मग उत्सुकतेपोटी बाकीचंही सगळं चालू केलं. पाणी प्या, उभे राहा, दीर्घ श्वास घ्या, आवाज फार आहे, हात धुवा. त्या दिवसापासून माझ्या मनगटाला दर थोड्या वेळाने गुदगुल्या व्हायच्या आणि कुणीतरी मला उभं राहायला सांगायचं. तीस वर्षांच्या संसारातही मला कुणी इतक्या वेळा उठवलं नव्हतं. संकटकाळी निरोप कुणाला पाठवायचा, असं घड्याळाने विचारलं, तेव्हा मी ग्लेनिसचं नाव घालणार होतो. पण त्याच आठवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला, तिच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ग्लेनिस तिकडे जायला निघाली. पर्थहून ती मला काय उचलणार! म्हणून मी ब्रिडीचं नाव घातलं. या घोडचुकीचा पुढे उल्लेख येईलच.

विमानतळावर ग्लेनिसने माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघून, माझ्याकडे नव्हे, म्हणाली, "बाळाच्या तारखेआधी मी परत येते. तोवर तुझ्याकडे एकच काम आहे. एकच. पहिल्या रिंगला."

"मी आहे ना."

"तीच तर काळजी आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

आता या घड्याळाची एक खोड सांगितली पाहिजे. ते बोलतं ते सगळ्यांसमोर बोलतं. फोन निदान कानाला लावता येतो. घड्याळ कानाला लावलं की माणूस दात दुखत असल्यासारखा दिसतो आणि ऐकू तरी सगळ्यांना जातंच. केल्विनने सुचवलं म्हणून मी कानात घालायची बोंडं आणली. पहिल्याच दिवशी धक्क्यावर बसून मासे आणि बटाट्याचे काप खाताना एक बोंड पिशवीवर पडलं आणि एका सीगलने ते बटाटा समजून उचललं. तो पक्षी अजून तिथे दिसतो. कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा मान वाकडी करून उभा असतो.

मग आला सुपरमार्केटचा प्रसंग. आमच्याकडे वय झालं की सरकार प्रत्येकाला घरपोच एक पाकीट पाठवतं. पोटाच्या तपासणीचं. त्यात काय भरून परत पाठवायचं असतं ते मी इथे लिहीत नाही. कुणी जेवत असेल. मी ते कर्तव्य पार पाडून विसरलो होतो. हॅमच्या काउंटरपुढे रांगेत उभा होतो, माझा नंबर आला होता, आणि मनगट थरथरलं. ब्रिडी असेल म्हणून मी पहिल्या रिंगला उचललं.

"मिस्टर ड्रान्सफील्ड," एक खणखणीत आवाज अख्ख्या काउंटरभर पसरला, "तुमचा शौचाचा नमुना मिळाला, पण तुम्ही त्यावर तारीख घातलेली नाही. पुन्हा द्यावा लागेल."

 काउंटरवरच्या मुलीच्या हातातला हॅमचा तुकडा हवेतच राहिला. मी घड्याळावर दुसरा हात दाबला, तर आवाज फक्त अधिक घोगरा झाला.

"सर, ऐकू येतंय ना? ताजा नमुना लागेल."

"ऐकू येतंय," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांना येतंय."

मागे नोएलीन उभी होती.

नोएलीन हॉज ही आमच्या क्लबची सेक्रेटरी. बाई तत्त्वाची. हिरवळीवर पाय ठेवायचा तर सपाट तळव्याचेच बूट, टाच असलेला बूट दिसला की ती माणसाला तिथेच थांबवते. एकदा तिने उद्घाटनाला आलेल्या महापौरांनाही नुसत्या मोज्यांवर चालायला लावलं होतं. आणि तिचा लाडका नियम म्हणजे फोनचा. खेळ चालू असताना हिरवळीवर ज्याचा फोन वाजेल, त्याने हजर असलेल्या सगळ्यांना पाजायचं. सगळे फोन आत बारवरच्या टोपलीत. या नियमाने क्लबात अनेक घरं जवळजवळ बुडाली आहेत, पण हिरवळीवर शांतता आहे ती तिच्यामुळेच, हेही खरं.

"वॉरिक," ती म्हणाली, "ते घालून तू हिरवळीवर येतोस?"

"हे घड्याळ आहे."

"घड्याळ तुझ्या नमुन्याची चौकशी करत नाही."

लगेच कमिटीची बैठक बसली. विषय एकच : वॉरिक ड्रान्सफील्डच्या मनगटावरची वस्तू फोन आहे की घड्याळ? मी नगरपालिकेत उमेदीची वर्षं काढली आहेत, पण इतकी गंभीर बैठक पाहिली नाही. केल्विन माझ्या बाजूने उभा राहिला. तो बाजूने उभा राहिला की माणूस हमखास गोत्यात येतो.

"उद्या फ्रिजमध्ये फोन बसवला," केल्विन म्हणाला, "तर तुम्ही फ्रिजला दंड करणार का?"

"फ्रिज हिरवळीवर आणलास तर करीन," नोएलीन म्हणाली. "माझं सरळ आहे. वाजतं आणि उलट बोलतं तो फोन."

"मग माझी बायको?"

"ती वाजत नाही."

मला घाम फुटला होता. मनगटाने मला कळवलं, 'दीर्घ श्वास घ्या.' मी घेतला आणि उभा राहिलो. मी खोटं कशाला बोलू! मी त्यांना ब्रिडीचं सांगितलं. जोएल खाणीवर आहे, ग्लेनिस पर्थला आहे, आणि मी शब्द दिलाय. टोपलीतला फोन मला पहिल्या रिंगला कळणार नाही. फायनल पुढच्या शनिवारी आहे. क्लबसाठी खेळायचं की मुलीसाठी घरी बसायचं, असं मला विचारलंत तर मी घरी बसेन. पण खेळायला मिळालं तर बरं वाटेल.

 मग नोएलीनने ठरवून टाकलं. घड्याळ चालेल. आवाज बंद, नुसतं थरथरायचं. वर खोळ घालायची. पण त्यातून एक शब्द जरी बाहेर आला, तर वॉरिक सगळ्या क्लबला पाजेल.

फायनलच्या सकाळी तिने माझ्या हातात एक खोळ ठेवली. क्लबच्या जांभळ्या रंगाच्या लोकरीची, मनगटावर बरोब्बर बसेल अशी, तिने स्वतः विणलेली. "तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली, "शांततेसाठी."

फायनल होती पलीकडच्या किनाऱ्यावरच्या क्लबशी. आमचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की हिरवळीवर एक छोटा पांढरा चेंडू ठेवलेला असतो, त्याला जॅक म्हणतात. आपला जड गोळा घरंगळत नेऊन त्याच्या जितका जवळ थांबवता येईल तितका थांबवायचा. कुणाचा जवळ, यावर भांडायचं. भांडण मिटलं नाही तर टेप लावून मोजायचं. या मोजण्यात माझा हात कुणी धरत नाही. लोक गुडघ्यावर बसून मोजतात. मी सरळ पालथा पडतो. उभ्याचा आडवा होतो, धप्पकन. गाल गवताला, एक डोळा मिटलेला, टेपचं टोक बोटात. प्रेक्षक त्यासाठीच येतात, असं मला वाटतं.

दुपार कलली तेव्हा सामना बरोबरीत होता. शेवटची फेरी, शेवटचे गोळे. आमचा एक गोळा जॅकच्या डावीकडे, त्यांचा एक उजवीकडे, आणि दोन्ही अंतरं बघणाऱ्याला सारखीच वाटत होती. सगळं या एका मापावर आलं.

"वॉझ," केल्विन म्हणाला, "पड."

मी पडलो. आजवरचं माझं सर्वांत सुंदर पडणं. अख्खी हिरवळ दणाणली. हात लांब करून मी टेप धरला आणि श्वासही रोखला, कारण हललो तर माप गेलं. त्यांचा कप्तान दुसऱ्या बाजूने वाकला आणि म्हणाला, टेप ढिला आहे. केल्विन म्हणाला, ढिली तुमची नजर आहे. अंपायर चष्मा आणायला गेले. मी तसाच, मेल्यासारखा पडलेला.

खोळीच्या आत मनगट थरथरलं. आधी वाटलं, ब्रिडी. पण हे फोनचं थरथरणं नव्हतं, ती लय मला पाठ होती. हे ठोक्याठोक्याने मनगट धरून हलवल्यासारखं होतं. म्हटलं, आलं, 'उभे राहा' आलं. मनात म्हणालो, आत्ता नाही रे बाबा, आत्ता जगबुडी आली तरी नाही. ते पुन्हा थरथरलं, आणखी जोरात. मी दात ओठ खाऊन पडून राहिलो.

मग खोळीतून भोंगा वाजला. लोकरीमुळे तो दूरच्या जहाजाच्या भोंग्यासारखा आला. सगळे समुद्राकडे बघायला लागले. आणि पाठोपाठ माझ्या मनगटातून बाईचा आवाज आला.

"आपत्कालीन सेवा. पोलीस, अग्निशामक की अॅम्ब्युलन्स?"

सगळ्यांच्या माना समुद्राकडून माझ्याकडे वळल्या.

"काही नको!" मी गवतात तोंड घालून ओरडलो. "मी मोजतोय!"

"सर, तुम्ही पडला आहात का?"

"पडलो नाही! आडवा झालोय!"

"तुम्हाला उठता येतंय का?"

"येतंय, पण आत्ता नाही. टेप हलेल."

 मग तोच आवाज, पण आता लहान मुलाशी बोलावं तसा. "बरं सर. तुमचं नाव आठवतंय का?"

"वॉरिक ड्रान्सफील्ड! माझं डोकं ठिकाणावर आहे! मी जॅक आणि गोळा यांच्यामधलं—"

"अगदी बरोबर, वॉरिक. हलू नका. मदत येतेय."

अॅम्ब्युलन्सचं ठाणं आमच्या क्लबच्या मागच्याच गल्लीत आहे. मी उठून कपडे झटकतोय तोवर गाडी फाटकात आली. केल्विन माझ्या जागी टेप धरून बसला होता, आणि त्यांचा कप्तान म्हणत होता की माप घेणारा बदलला तर माप रद्द. एक तरुण मुलगी आणि एक दाढीवाला मुलगा स्ट्रेचर घेऊन हिरवळीकडे धावले.

"थांबा!" नोएलीन दोन्ही हात पसरून आडवी आली. "बूट!"

"बाई, पेशंट—"

"पेशंट उभा आहे, तो बघा, लाजतोय. टाचेचे बूट हिरवळीवर नाही."

आणि खरोखर, त्या दोघांनी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर आले. त्यांच्या नियमात मला तपासल्याशिवाय जाणं बसत नव्हतं. त्यांनी मला स्ट्रेचरवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि अख्ख्या क्लबसमोर माझा रक्तदाब मोजला. तो अर्थातच वाढलेला होता. त्या दाढीवाल्याने वळताना मोज्यातल्या अंगठ्याने जॅक उडवला, आणि तो टुणटुण करत थेट कडेच्या चरात गेला. त्यांच्या कप्तानाने डोकं धरलं. केल्विन म्हणाला, "चला, आता पुन्हा खेळावं लागणार." मागून नोएलीनचा आवाज आला, "वॉरिक, एक शब्द म्हटलं होतं मी. तुझ्या मनगटाने व्याख्यान दिलं. पाजणार आहेस तू."

माझी मान खाली होती. म्हणूनच मला आधी दिसलं नाही. फाटकाशी करकचून ब्रेक लागला, गाडीचं दार उघडं टाकून कुणीतरी धावत आलं आणि कठड्याला धरून ओरडलं, "बाबा!"

ब्रिडी होती. चेहरा पांढराफटक. घड्याळाने तिला निरोप पाठवला होता : तुमचे वडील जोरात पडले आहेत, हलत नाहीत, या ठिकाणी आहेत. तिने मला फोन लावला तर लागेना, कारण मी आपत्कालीन बाईंशी मापाबद्दल बोलत होतो. आणि आता बिचारीला दिसत होता स्ट्रेचरवर बसलेला बाप. पहिल्या रिंगला उचलणार होतो मी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बरा आहे!" मी ओरडलो. "ब्रिडी, मला काही झालं नाही! मी मोजत होतो!"

ती रडायला लागली, मग हसायला लागली, आणि मध्येच कठडा घट्ट धरून वाकली. तिने खाली आपल्या ओल्या झालेल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळपासून जरा दुखतंय. मला वाटलं खोट्या कळा असतील. तुझी फायनल संपली की फोन करणार होते."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तिच्या फोनसाठी मनगटाला यंत्र बांधून हिंडत होतो, आणि ती माझा खेळ मोडू नये म्हणून कळा दाबून बसली होती.

पुढे काय करायचं हे कुणालाच सुचेना. फाटक ते स्ट्रेचर सरळ रस्ता हिरवळीवरून. कडेने गेलं तर लांबचा वळसा. दाढीवाला एका पायावर उभा राहून बूट शोधत होता.

"आता बूट कसले घालतोस!" नोएलीन कडाडली. "मधून ने! सरळ मधून! चाकं फिरव! गवत काय, पुन्हा उगवेल!"

आमच्या हिरवळीवरून चाकं गेली. दोन लांब पट्टे उमटले, ते अजून आहेत. ब्रिडीला आडवं केलं, मी मागोमाग गाडीत चढलो, आणि खिडकीतून मला दिसलं ते एवढंच, की नोएलीन हॉज टाचेचे बूट घातलेल्या कुणाला तरी बाजूला ढकलून फाटक उघडतेय.

गाडीत कळ आली की ब्रिडी माझं मनगट आवळायची. आपलं मूल आपल्याला इतक्या जोरात धरतं तेव्हा दुखतं आणि बरंही वाटतं. एका मोठ्या कळेला तिने खोळीवरूनच ते असं दाबून धरलं, की आतून पुन्हा भोंगा वाजला.

"आपत्कालीन सेवा. पोलीस, अग्निशामक की अॅम्ब्युलन्स?"

तोच आवाज.

"अॅम्ब्युलन्स नको," मी म्हणालो. "आम्ही अॅम्ब्युलन्समध्येच आहोत."

बाईंनी आवाज ओळखला. "वॉरिक?"

"हो."

"अजून मोजताय का?"

"नाही. आता मुलगी कळा मोजतेय."

"मग तिचा हात धरा, आणि घड्याळ सोडा," ती बाई म्हणाली आणि फोन ठेवला. एवढा शहाणा सल्ला मला त्या महिन्याभरात कुणीच दिला नव्हता. मी खोळ काढून खिशात टाकली, घड्याळ दुसऱ्या हातावर बांधलं आणि रिकामं मनगट लेकीच्या हवाली केलं.

मुलगी झाली. हॉस्पिटलात पोचलो आणि झालीच. सुईण म्हणाली, घरी बसून सामना संपायची वाट बघितली असती तर स्वयंपाकघरातच झाली असती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात घड्याळ म्हणालं, 'शाब्बास, आज भरपूर उभे राहिलात.'

जोएलला खाणीच्या ऑफिसात निरोप ठेवला. मग ग्लेनिसला लावला. तिने पहिल्या रिंगला उचलला.

"मुलगी," मी म्हणालो. "दोघी ठीक आहेत."

ती रडली. मग नाक ओढून म्हणाली, "फोटो पाठव."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, घड्याळाला कॅमेरा नाही. ब्रिडीचा फोन क्लबच्या फाटकाशी गाडीत राहिला होता. माझा स्वयंपाकघरातल्या खणात चार्ज होत होता.

"फोटो नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे? मग सांग. नाक कसं आहे?"

"आहे."

"वॉरिक! आहे म्हणजे काय? नीट बघ!"

मग मी नीट बघितलं. पाळण्यावर वाकून, जॅक बघतो तसा, एक डोळा मिटून, मग दोन्ही उघडून. सांगत गेलो. नाक तुझ्या वडिलांचं, फक्त रागावलेलं नाही. कपाळावर एक आठी आहे, ती माझी. केस ओले आहेत, तांबूस आहेत. हाताची मूठ वळलीय, आत काहीतरी धरून ठेवल्यासारखी. डावा कान जरासा दुमडलाय. खोलीतल्या नर्सा थांबून ऐकत होत्या, घड्याळ सगळ्यांसमोरच बोलतं ना! पण मला काही लाज वाटली नाही.  शेवटी ग्लेनिस म्हणाली, "दिसली मला."

आता एकच फोन राहिला होता. क्लबला कळवायला हवं होतं, दंडही कबूल करायला हवा होता. बारवर फोन लावला, कुणी उचलेना. मग नोएलीनच्या नंबरावर लावला, म्हटलं, टोपलीत पडलेला असेल, निरोप राहील.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय झालं? मुलगी की मुलगा?" नोएलीन धापा टाकत होती.

तिच्या मागून केल्विनचा आवाज आला, आणि त्या आवाजात स्वर्गसुख होतं. "नोएलीन! तुझा फोन वाजला! हिरवळीवर! खेळ चालू असताना!"

मग असा गलका उठला की माझ्या मनगटाने 'आवाज फार आहे' अशी सूचना दिली. शेवटची फेरी पुन्हा खेळत होते, आणि आमच्या सेक्रेटरीबाई एप्रनच्या खिशात फोन चालू ठेवून अंपायरच्या शेजारी उभ्या होत्या.

"गप्प बसा सगळे!" ती ओरडली. "पाजते मी, सगळ्यांना पाजते, त्यांच्या क्लबलाही पाजते. वॉरिक, बोल."

"मुलगी," मी म्हणालो.

पलीकडे दोन्ही क्लबांनी टाळ्या वाजवल्या. मग नोएलीनचा आवाज खाली आला, तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वारा सुटलाय आज. पोरीच्या पायात काही घातलंय का?"

मी पाळण्याकडे बघितलं. "घाईत काहीच आणलं नव्हतं," मी म्हणालो. "एका पायात तुझी खोळ घातलीय. बरोब्बर बसली."

"आणि दुसऱ्या?"

"दुसरा मी हातात धरलाय."

 मग ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "धरून ठेव. दुसरी आज विणायला घेते."